लेआउटमध्ये गरिबाचाही वाटा

जालना 2023 मध्ये महानगरपालिका झाली. नगरपरिषदेची पाटी बदलली, आयुक्त आले, नगररचनेचे अधिकार वाढले. पण शहराच्या कडेला रोज पडणाऱ्या नव्या लेआउटमध्ये कोणाला जागा मिळेल, या प्रश्नाला या बदलाचा स्पर्श झालेला नाही. जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे साधारण एक एकराच्या पुढच्या जमिनीवर घरे बांधायची किंवा प्लॉट पाडायचे असतील, तर त्यातला पाचवा हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावा लागतो. जालन्यात तेवढ्याच जमिनीवर तेच काम करणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. कारण हा नियम दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांपुरताच आहे. 2011 च्या जनगणनेत औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि जालन्याची 2 लाख 85 हजार 577. जालन्याने दहा लाखांची वाट पाहू नये, हा नियम आताच मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गरिबांच्या घराचा हिस्सा ठरवायची योग्य वेळ शहर मोठे होण्याआधीची असते. लोकसंख्येची अट घालून राज्याने हा क्रम उलटा केला आहे.

आधी हा नियम चालतो कसा ते पाहू. नोव्हेंबर 2013 मध्ये राज्य शासनाने सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आणली आणि 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ती कायम ठेवली. विकासक इमारती बांधत असेल, तर मूळ चटई क्षेत्राच्या किमान वीस टक्के क्षेत्रात 30 ते 50 चौरस मीटरच्या सदनिका आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी बांधायच्या. तो नुसते प्लॉट पाडत असेल, तर निव्वळ भूखंड क्षेत्राच्या वीस टक्के जागेत तसेच छोटे विकसित भूखंड द्यायचे. घर कोणाला द्यायचे हे विकासक ठरवत नाही. म्हाडा सोडत काढते आणि नावे कळवते. सदनिकेची किंमतही बाजारभावाने ठरत नाही. रेडी रेकनरमधला बांधकामाचा दर आणि त्यावर पंचवीस टक्के, एवढेच विकासकाला मिळते. जमिनीचा भाव त्यात जवळजवळ धरलेलाच नसतो. म्हणूनच ठाणे, कल्याण, पुणे इथल्या या योजनेतल्या घरांच्या सोडतींवर अर्जांचा पाऊस पडतो. या सदनिकांना भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज बाकीच्या प्रकल्पाला ते देऊ नये, असेही नियम सांगतो. कागदावर ही रचना चांगली आहे. सरकारला जमीन संपादित करावी लागत नाही, तिजोरीतून घर बांधावे लागत नाही, आणि गरीब कुटुंब शहराबाहेरच्या माळावर फेकले जात नाही. जिथे इतरांची घरे उभी राहतात, त्याच रस्त्यावर त्याचेही घर उभे राहते.

मग ही अट दहा लाखांच्या शहरांपुरतीच का? त्यामागचा विचार सहज समजतो: घरांची टंचाई मोठ्या शहरांत असते, जमीन तिथे महाग असते, म्हणून नियमही तिथे. वरवर हे पटते. पण या नियमाचा भार शेवटी कोणावर पडतो, याचा हिशेब केला की त्यातली चूक दिसते. विकासक जमीन घेताना मागून पुढे गणित मांडतो. प्लॉट किती निघतील, ते काय भावाने जातील, रस्ते, गटारे, बिगरशेती परवानगी यांवर किती खर्च होईल, नफा किती हवा. यातून जे उरते, तेवढाच भाव तो मूळ जमीनमालकाला देऊ शकतो. वीस टक्क्यांची अट आधीपासून माहीत असेल, तर ती या गणितात शिरते आणि जमिनीचा भाव तेवढा कमी ठरतो. जमीन जुन्या भावाने घेऊन झाल्यावर अट आली, तर ती विकासकाच्या नफ्यातून जाते किंवा इतर ग्राहकांच्या माथी बसते, आणि मग तो ती टाळायच्या वाटा शोधतो. मोठ्या शहरांत नेमके हेच झाले. जमिनीचे भाव आकाशाला भिडल्यानंतर तिथे नियम पोहोचला आणि म्हणून त्याला सर्वाधिक विरोधही तिथेच झाला. जालन्यात अजून वेळ आहे, पण फार नाही.

कारण जालन्याचे दिवस पालटत आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी पूर्ण 701 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. डिसेंबर 2015 मध्ये जिल्ह्यात ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. जालना ते मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाली. ऑगस्ट 2024 मध्ये जालना ते जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र इथे आले. सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल, 1964 मध्ये महिकोपासून सुरू झालेला बियाणे उद्योग, जिनिंग आणि मोंढा हे तर आधीपासूनच आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीने आसपासच्या जमिनीला भाव चढतो. तो भाव जमीनमालकाच्या किंवा विकासकाच्या कष्टाने चढत नाही. रस्ता लोकांच्या पैशातून झाला, रेल्वे लोकांच्या पैशातून येणार आहे. या वाढीचा एक छोटा हिस्सा याच शहरात राबणाऱ्या, पण इथे घर घेण्याची ऐपत नसलेल्या माणसांच्या वाट्याला जावा, ही मागणी न्यायाची आहे.

आणि दहा लाखांचा आकडा जालना कधी गाठणार? 2001 मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे 2 लाख 35 हजार होती, 2011 मध्ये 2 लाख 85 हजार. दशकाला साधारण एकवीस टक्के. याच वेगाने गेले तर दहा लाख होईपर्यंत 2075 उलटून जाईल. वेग दुप्पट झाला तरी आज नोकरीला लागलेला मुलगा तोवर पन्नाशीला आलेला असेल आणि शहराभोवतीची सगळी सोयीची जमीन विकून झालेली असेल. तुलनेसाठी फ्रान्सकडे पाहा. तिथल्या डिसेंबर 2000 च्या कायद्याने मोठ्या नागरी परिसरांतल्या साडेतीन हजार लोकवस्तीच्या गावांनाही एकूण घरांपैकी वीस टक्के घरे सामाजिक गृहनिर्माणाची ठेवणे बंधनकारक केले. पुढे बहुतेक ठिकाणी हे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर नेले. तिथे बंधन गावावर आहे, विकासकावर नाही, हा फरक खरा. पण लोकसंख्येची अट साडेतीन हजारांपासून सुरू होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इतके लांब जायचे नसेल तर शेजारचे मध्य प्रदेश आहे. तिथल्या 1998 च्या वसाहत नियमांनी नगरपालिका क्षेत्रांतल्या विकासकावर दुर्बल घटकांसाठी पंधरा टक्के भूखंड ठेवण्याचे किंवा आश्रय शुल्क भरण्याचे बंधन घातले, आणि त्यासाठी दहा लाखांची वाट पाहिली नाही.

इथे कोणी म्हणेल, जालन्यात घरांची टंचाई आहेच कुठे? प्लॉट तर गल्लोगल्ली विकायला आहेत. प्लॉट आहेत, पण कोणासाठी? रीतसर मंजूर लेआउटमधला हजार-बाराशे चौरस फुटांचा प्लॉट मोंढ्यातल्या हमालाला, मिलमध्ये भट्टीवर काम करणाऱ्या मजुराला, जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाईला परवडत नाही. म्हणून ही कुटुंबे एकतर चंदनझिऱ्यासारख्या औद्योगिक भागाजवळच्या वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहतात, नाहीतर गुंठेवारीत जातात. कोणीतरी शेतजमिनीचे अर्धा-अर्धा गुंठा तुकडे पाडतो, शंभर-पाचशेच्या बॉंडवर नोटरी करून देतो. सातबारावर नाव लागत नाही, रस्ता बैलगाडीच्या वाटेएवढा, गटार नाही, नळ नाही. माणूस आयुष्याची कमाई त्यात घालतो आणि तिथे पत्रे उभे करतो. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. त्याची मुदत 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांपुरती होती. वीस वर्षांनी, 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवावी लागली. राज्याला वीस वर्षांनी पुन्हा तेच करावे लागले, यावरून काय समजायचे? लोकांना कायदा मोडण्याची हौस नव्हती. कायदेशीर बाजारात त्यांच्या ऐपतीची वस्तूच नव्हती. गुंठेवारी ही परवडणाऱ्या घरांचीच व्यवस्था आहे. फक्त तिचा खर्च घेणाऱ्याने आणि पुढे महापालिकेने सोसायचा आणि नफा तुकडे पाडणाऱ्याने न्यायचा, अशी ती बेतलेली आहे. दाट वस्ती झाल्यावर तिथे रस्ता रुंद करणे, जलवाहिनी टाकणे, गटार काढणे हे कोऱ्या जमिनीवर तेच काम करण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. नळाला पाणी येण्यासाठी दिवस मोजायची सवय झालेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

वीस टक्क्यांचा नियम जालन्यात आला तर प्रत्यक्षात काय दिसेल, याचे एक साधे उदाहरण घेऊ. समजा एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटरचा लेआउट आहे. त्यातली दहा टक्के जागा ओपन स्पेसला जाते. अंतर्गत रस्त्यांना आणखी पाव हिस्सा लागतो असे धरू. प्लॉटसाठी साडेसहा हजार चौरस मीटर उरले. त्याचे वीस टक्के म्हणजे तेराशे चौरस मीटर. चाळीस चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे चारशे तीस चौरस फुटांचा एक प्लॉट धरला, तर त्यात बत्तीस छोटे भूखंड बसतात. उरलेल्या बावन्नशे चौरस मीटरमध्ये शंभर चौरस मीटरचे, म्हणजे साधारण एक गुंठ्याचे बावन्न प्लॉट बाजारभावाने विकता येतात. म्हणजे एका हेक्टरमागे बत्तीस कुटुंबांना स्वतःच्या नावाचा, रस्त्याला लागून असलेला, नळ-गटाराची सोय असलेला भूखंड. जालन्यासारख्या शहराला हाच मार्ग जास्त लागू पडतो. इथे अजून बहुतेक लोक घर टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात: आधी एक खोली, मग दुसरी, मुलाच्या लग्नाला वर मजला. सात मजली इमारतीतल्या सदनिकेपेक्षा छोटा भूखंड त्यांच्या उत्पन्नाला आणि राहणीला जास्त मानवतो. शिवाय प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या लाभार्थ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी आधी जागा नावावर हवी. इथेच गरिबांतले सर्वात गरीब गळतात. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी अनुदानही नाही. छोटा विकसित भूखंड ही या योजनेची हरवलेली पहिली पायरी आहे.

विकासकांचा पहिला आक्षेप असा असतो की ही खासगी मालमत्तेवरची टाच आहे. गरिबांना घर द्यायचे असेल तर सरकारने द्यावे, आमच्या जमिनीतून का? हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर जालन्यातल्या प्रत्येक मंजूर लेआउटमध्येच आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि हा नियम जालन्यालाही लागू आहे. रस्त्यासाठी जागा सोडावी लागते, आणि तिचा मोबदला विकासक मागत नाही. शेतजमीन बिगरशेती करून तिचे दहा प्लॉट विकण्याची मुभा शहर देते, तेव्हा त्या मुभेबरोबर काही देणेही येते, हे तत्त्व आपण कधीच मान्य केले आहे. मुलांना खेळायला जागा हवी म्हणून दहा टक्के सोडणे न्याय्य असेल, तर त्या मुलांपैकी काहींना राहायला जागा हवी म्हणून आणखी काही सोडणे अन्याय्य कसे ठरेल? फरक इतकाच की मोकळ्या जागेमुळे उरलेल्या प्लॉटचा भाव वाढतो आणि गरिबांच्या भूखंडांमुळे तो वाढत नाही. म्हणून छोट्या भूखंडांच्या बदल्यात विकासकाला विकासाचा खर्च तरी मिळायला हवा, हे मला मान्य आहे. सदनिकांच्या बाबतीत बांधकाम दर अधिक पंचवीस टक्के असा मोबदला ठरलेला आहेच. भूखंडांसाठीही तसाच स्पष्ट दर हवा.

मालमत्तेच्या आक्षेपामागे एक जुनी आठवणही आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या शहरांत जास्तीची जमीन सरकारने घ्यायची असे ठरवले. मुंबईत मर्यादा पाचशे चौरस मीटर होती, लहान शहरांच्या गटात दोन हजारांपर्यंत. प्रत्यक्षात फार थोडी जमीन गरिबांच्या घरापर्यंत पोहोचली. सूट देण्याचे अधिकार शासनाकडे होते आणि सवलतीच्या वाटेने जमिनी सुटत गेल्या. सूट मिळालेल्या योजनांतल्या काही सदनिका शासनाकडे येत, पण त्यांचे वाटप मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारात होई, आणि त्या कोणाला मिळाल्या यावरून पुढे न्यायालयापर्यंत वाद गेले. केंद्राने तो कायदा 1999 मध्ये आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द केला. त्या अपयशाचा अर्थ असा लावला जातो की जमिनीवर गरिबांसाठी बंधन घालणेच फोल आहे. मला त्यातून उलटा धडा दिसतो. बंधन सगळ्यांना सारखे, आकड्यात मोजता येणारे आणि कोणाच्याही मर्जीवर न सोडलेले असावे. वाटप सोडतीने व्हावे. वीस टक्क्यांची अट या सगळ्या कसोट्यांवर कमाल धारणा कायद्यापेक्षा चांगली आहे, फक्त ती खरोखर पाळली गेली पाहिजे.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गीय ग्राहकाचा आहे: गरिबांचे वीस टक्के आमच्या ऐंशी टक्क्यांतून वसूल होणार. शिक्षक, लिपिक, छोटा दुकानदार हेही कर्ज काढूनच प्लॉट घेतात, त्यांच्या माथी हा भार का? अट अचानक आली तर हे काही प्रमाणात होईल, हे नाकारून चालणार नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडने फेब्रुवारी 2017 पासून वीस किंवा अधिक घरांच्या इमारतींवर अशी अट घातली. तारीख उजाडण्याआधी परवानग्यांसाठी अर्जांची झुंबड उडाली आणि नंतर एकोणीस घरांच्या इमारती वाढल्या. म्हणून जालन्यात तारीख आधी जाहीर करावी. ज्यांनी जमीन आधीच घेतली आहे, त्यांच्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे दहा टक्क्यांनी सुरुवात करावी आणि मग वीसवर जावे. पुढचे खरेदीखत करताना प्रत्येकाला नियम माहीत असला की भार हळूहळू जमिनीच्या भावात मुरतो. इथे शेतकऱ्याचा प्रश्न येतो आणि तो कळकळीने विचारला पाहिजे. अवर्षणाने पिचलेल्या जिल्ह्यात शहराजवळची दोन एकर विकून मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण करणाऱ्याला भाव थोडा कमी मिळाला, तर ते चालेल का? माझे उत्तर असे की शेतीच्या भावापेक्षा कितीतरी अधिक त्याला तरीही मिळेल. कमी होईल तो शहराच्या वाढीमुळे वर चढलेला भाग. शिवाय शहराकडेच्या जमिनीची मोठी वाढ शेतकऱ्याच्या हातात फार क्वचित राहते. रस्त्याची बातमी आधी लागलेल्यांनी ती इसार देऊन आधीच बांधून ठेवलेली असते.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो अनुभवाचा आहे. नियम केला तरी पळवाटा निघतात. नाशिकची लोकसंख्या 2011 मध्ये 14 लाख 86 हजार होती, म्हणजे नियम तिथे लागू. तरीही 2022 च्या सुरुवातीला तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी जाहीर आरोप केला की तिथल्या प्रकल्पांतली वीस टक्के घरे म्हाडाला मिळालीच नाहीत. विधान परिषदेत हा विषय गाजला आणि सभापतींनी महापालिका आयुक्तांच्या बदलीचे आदेश दिले. चार हजार चौरस मीटरच्या आत बसावे म्हणून एकाच जमिनीचे तुकडे पाडून वेगवेगळ्या परवानग्या घेतल्याचे आरोपही झाले. पोर्टलंडमधली एकोणीस घरे आणि नाशिकमधले एकराच्या आतले तुकडे, दोन्हींचे मूळ एकच: जिथे रेषा आखाल, तिच्या अलीकडे गर्दी होते. यावर उपाय आहे. जमिनीचे क्षेत्र अर्जाच्या दिवशीचे न धरता एका ठरलेल्या तारखेला सातबारावर, त्या गट क्रमांकात होते ते धरायचे. मग नंतर भावाभावांत किंवा भागीदारांत कितीही तुकडे पडले तरी अट सुटत नाही. आणि एकराच्या आतल्या लेआउटना पूर्ण मोकळे न सोडता त्यांच्याकडून क्षेत्राच्या प्रमाणात शुल्क घ्यायचे. मात्र मोठ्या लेआउटना पैसे भरून सुटायची मुभा अजिबात नसावी. आश्रय शुल्काच्या नावाने जमा झालेला पैसा महापालिकेच्या इतर खर्चात विरघळायला वेळ लागत नाही, आणि तो खर्च व्हायच्या वेळेपर्यंत जवळची जमीन संपलेली असते. पैशाने पुन्हा जमीन मिळत नाही. मिळाली तर ती गावाबाहेर मिळते.

नाशिकचा दुसरा धडा हिशेबाचा आहे. महापालिका परवानगी देते, म्हाडा घर वाटते, आणि दोघांच्या मध्ये फाइल हरवते. जालन्यात हे टाळणे तुलनेने सोपे आहे, कारण वर्षाला मंजूर होणारे मोठे लेआउट मोजके असतात. प्रत्येक मंजूर लेआउटचा गट क्रमांक, एकूण क्षेत्र, त्यात राखलेले छोटे भूखंड, ते म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाला कधी कळवले आणि सोडत कधी निघाली, एवढी माहिती महापालिकेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर दर तीन महिन्यांनी लावली, तरी निम्म्या पळवाटा बंद होतील. या कामाला मोठे मनुष्यबळ लागत नाही. लागते ती ही माहिती लपवायची नाही असे ठरवण्याची तयारी.

गरीब माणूस मिळालेला भूखंड विकून टाकेल, असे हमखास म्हटले जाते. काही जण विकतीलही. आजारपण, कर्ज, लग्न ही कारणे खरी असतात. म्हाडाच्या घराला पाच वर्षे विक्रीबंदी असते. ती पुरेशी नाही, हे इतरांच्या अनुभवावरून कळते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीने 1974 पासून ही पद्धत सुरू केली. सुरुवातीला किमतीवरचे नियंत्रण अवघी पाच वर्षे होते. मुदत संपली की घरे बाजारभावाने विकली गेली आणि वर्षानुवर्षे कमावलेला साठा गळत राहिला. पुढे त्यांना विक्रीच्या घरांसाठी ती मुदत तीस वर्षांवर न्यावी लागली. जालन्याने पहिल्या दिवसापासून असे करावे: भूखंड विकायचा असेल तर पहिला हक्क महापालिकेचा किंवा म्हाडाचा, आणि किंमत मूळ रक्कम, घरावर केलेला खर्च आणि महागाई धरून. अडलेल्या कुटुंबाला पैसे मिळतील आणि भूखंड पुढच्या गरजू कुटुंबाला मिळेल.

एक आक्षेप मात्र सभागृहात कोणी बोलत नाही, साइटवर बोलतात. शेजारी कोण येईल हे ठाऊक नसेल तर चांगले गिऱ्हाईक प्लॉट घेणार नाही. मराठवाड्यातल्या शहरांत वस्त्या उत्पन्नावरून जितक्या वाटल्या गेल्या आहेत, तितक्याच जातीवरून आणि धर्मावरूनही. प्लॉट दाखवताना आडनाव विचारले जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. सोडत या पद्धतीचे मोठे मोल इथेच आहे. सोडतीत विकासकाला नाव निवडता येत नाही. दलित, मुस्लिम, भटक्या समाजातल्या कुटुंबाला मंजूर लेआउटमध्ये सरळ दाराने प्रवेश देणारी दुसरी व्यवस्था आज माझ्या पाहण्यात नाही. यामुळे काही ग्राहक मागे हटतील. पण सगळ्याच मोठ्या लेआउटना एकच नियम असेल, तर ते जातील कुठे? एकाच विकासकाने हे केले तर त्याचे नुकसान होईल. सगळ्यांनी केले तर तीच शहराची रीत होईल. म्हणूनच हे काम विकासकांच्या सदिच्छेवर सोडता येत नाही, त्याला नियम लागतो.

पर्याय म्हणून सरकारी नवे शहर वसवण्याचा मार्ग नेहमी सुचवला जातो. जालन्याने तोही पाहिला आहे. शहराजवळच्या खरपुडीत सिडकोच्या सुमारे नऊशे कोटी रुपयांच्या प्रकल्पाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती देऊन चौकशी लावली. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण एकाच ठिकाणी शेकडो एकर जमीन घेऊन शहर वसवायचे ठरले, की जमीन कोणाची, भाव कोणाला, निर्णय कधीचा, हे प्रश्न त्याच्या मागे लागतात आणि घर मात्र लांबत जाते. प्रत्येक लेआउटमध्ये वीस-तीस भूखंड हा मार्ग संथ वाटतो, त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही. पण तो शहराबरोबर वाढतो आणि एका निर्णयावर सगळे अडून राहत नाही.

हे घडवायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 नुसार महापालिका विकास नियंत्रणाच्या नियमांत फेरबदल सुचवू शकते. सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, सूचना प्रसिद्ध करायची, एक महिना हरकती व सूचना घ्यायच्या आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवायचा. शासनाला वाटले तर ते स्वतःही राज्यभरासाठी दहा लाखांची अट काढू शकते. मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणाचे नावच ‘माझे घर, माझा अधिकार’ आहे, आणि तो अधिकार शहराच्या लोकसंख्येवर अवलंबून असू नये. पण जालन्याने मुंबईकडे पाहत बसू नये. महापालिकेने हा ठराव येत्या वर्षभरात करावा. आणि हरकती-सूचनांची नोटीस निघेल तेव्हा विकासकांच्या संघटना वकिलासह येतील, हे ठरलेलेच आहे. मोंढ्यातले हमाल, मिलचे कामगार, गुंठेवारीत राहणारी कुटुंबे आणि त्यांच्या बाजूने विचार करणारे शिक्षक, वकील, डॉक्टर यांनीही त्या महिन्यात आपले म्हणणे लेखी द्यावे. साध्या कागदावर, नाव आणि पत्ता लिहून दिलेली सूचनाही कायद्याने तितकीच विचारात घ्यावी लागते.